उलटा बसवलेला डेल्को

थांबा थांबा, शिवप्पा, ते काळं टोपण एवढ्यात काढू नका — बॉनेट उघडलंत तेवढं बास हाय — आधी आत काय दिसणार ते सांगते, न्हायतर तुमच्यासारख्या मेस्त्रीचं काळीज बंद पडायचं. तुमी लोक त्याला डेल्को म्हणता न्हवं? आमच्या घरात डिस्ट्रिब्युटर म्हणायचं, पुरं नाव घेऊन, मानानं, कारण त्यो आमच्या मालकांनी सोता बसवलाय. सोता! आण्णासाहेबांनी — घेतलं बघा नवऱ्याचं नाव, आता काय व्हायचं ते हू द्या — नियोजित सहकारी सूतगिरणीच्या चेअरमननी. नियोजित म्हणजे कळलं का? म्हणजे माळावर एक पाटी. पाटीच्या मागं मुरूम, पाटीच्या म्होरं मुरूम. तालुक्यात कापसाचं बोंड न्हाय, गुरं छावणीत, माणसं खडी फोडायला, पाऊस कसा असतो ते पोरं इसरली, अन् हे सूत काढणार. कशाचं काढणार, त्यांचं त्यांना ठाऊक. पर पाटी मात्र झकास रंगवलीय, आमच्या दाराला लावायचा रंग हुता त्यो.

तर डिस्ट्रिब्युटर. बाबू, तू तिथं मोरीजवळ बसू नको, हँडल घे अन् गाडीम्होरं हुबा ऱ्हा, मेस्त्री सांगतील तवा फिरव, सावकाश — बैल पाण्यावर नेल्यागत. हां. तर शिवप्पा, ही गाडी आमच्या बाबांची, बलभीमरावांची. निजामाच्या राज्यात जंगलाचे ठेके घ्यायचे त्ये. एक जहागीरदार हैदराबादेला पळाला तवा त्याची ही ऑस्टिन बाबांनी घेतली. त्यांच्या मागं गाडी माझ्याकडं आली, अन् सोनारीच्या वाटंवरलं विहिरीचं रान आलं. माझ्याच नावावर, व्हय. गाडी माझी म्हणून नावाला, बसायचे चेअरमन. मी कवा बसायची, तर लग्नाला, मर्तिकाला, अन् सोनारीच्या भैरवाला. त्यातबी मागं.

गाडी उचक्या द्यायला लागली उन्हाळ्यात. धूळ, दुसरं काय? रस्त्याच्या कामाची सगळी माती हिच्या नाकात. म्या म्हनलं, धाराशिवच्या शिवप्पाला सांगावा धाडा. तर म्हणाले, त्यो पंचाक्षरी वकिलाची जीप बघतो, आमच्या विरोधी पॅनेलची; त्याचा पाना आमच्या गाडीला लागणार न्हाय. बघा! पान्याला बी पॅनेल असतंय हे तुमाला तरी ठाऊक हुतं का? मग कोण बघणार? तर म्हणाले, मीच. एवढं काय असतंय त्यात, चार प्लगांना पाळीपाळीनं करंट वाटायचं काम. आता वाटपाचं काम म्हनल्यावर चेअरमनचा हात शिवशिवणारच की! दुष्काळातल्या सुकडीचं वाटप ह्यांच्याकडं, पेंडीचं वाटप ह्यांच्याकडं, करंटचं तेवढं ऱ्हायलं हुतं.

माझी चांगली सोलापुरी चादर अंथरली अंगणात. वर बसले, धोतर वर खोचून, आजूबाजूला सोसायटीचे चार संचालक खुर्च्या टाकून — बैठकच भरली म्हणा ना. टोपण काढलं, त्याखालचा करंट वाटत फिरणारा त्यो रोटर काढला, सगळा डेल्को वर वढला, तेवढ्यावर भागंना म्हणून खालचा दात्यांचा दांडाबी उपसला. कशाला? तर "बघू की काय हाय." संचालकांनी माना डोलावल्या. रॉकेलात धुतलं सगळं, फुंकलं, पुसलं, उन्हात मांडलं कुरडयांसारखं. खूण काय एकाची केली न्हाय — कुठं कसं बसलं हुतं, तोंड कुणीकडं हुतं. अन् तेवढ्यात कुणा संचालकाला हुक्की आली, म्हणतोय, इंजन फिरतंय का ते तरी बघा; ह्या बाबूला हँडल मारायला लावलं. फिरलं की इंजन! फिरायचंच. आता आतलं पिस्टन वर हाय का खाली, कोण सांगणार? मग चेअरमन म्हणाले, गोल वस्तू हाय, कशीबी बसती. अन् बसवली. रोटरचं तोंड आमच्या सैपाकघराकडं. बाबांच्या वेळेपासून पयला पिस्टन वर आला की त्याचं तोंड रेडिएटरकडं असायचं, सैपाकघरातनं चहा घेऊन येताना माझ्या ध्यानात आलंच हुतं की ह्ये तर उलटं — म्हणजे — मला काय कळतंय हो त्यातलं. बायामाणसाला. उगं आपली नजर गेली.

काय म्हणता? व्हय, काढा आता टोपण. बघितलंत? हसू नका. हसा हसा, घरी कुणी न्हाय.

मग सुरू करायला बसले. आत बसायचं सोडून बॉनेटवर वाकले, अन् बाबूला सांगितलं, मार हँडल. आतून अशी धाप लागली शिवप्पा, अन् कार्बोरेटरमधनं असा जाळाचा लोळ भसकन् वर आला — उजवीकडली मिशी गेली. सगळी न्हाय, टोक तेवढं. पर मिशीचं टोक म्हणजेच मिशी की! संचालक खुर्च्यांसकट मागं. एक तर तुळशीवृंदावनाला धडकला. चेअरमन काय म्हणाले असतील? म्हणाले, "करंट चांगला हाय." मग दुपारभर वायरी हिकडच्या तिकडं केल्या, डेल्को असा फिरव, तसा फिरव, शेवटी गाडी एकदाची लागली, खोकत-खोकत. लागली म्हनल्यावर झालं. पेढे. दम न्हाय तिच्यात, चढ दिसला की गळपटायची, जरा पळाली की तापायची, अन् मागं सायलेन्सरमधनं ठो! ठो! व्हय, तुमी बोललात तेच — टायमिंग लई मागं पडलेलं, ठिणगी उशिरा. त्यांना म्हनलं असतं तर म्हणाले असते, टायमिंग चेअरमनचं असतं, गाडीचं न्हाय.

बाबू, फिरव. सावकाश, मुडद्या. शिवप्पा, तुमी अंगठा दाबून धरा प्लगच्या भोकावर, वारा ढकलायला लागला की सांगा. — लागला? बास, बाबू, बास. तसाच ऱ्हा.

तर मंत्र्यांचा दौरा लागला. गिरणीच्या पायाभरणीला. त्या दिवशी चेअरमननी मला सांगितलं, सारजे, रेशमी लुगडं नेस, तुलाबी यायचं. मी चकित. मंत्र्याला ओवाळायला असंल म्हनलं. गाडीत बसल्यावर, वेशीभाईर पडल्यावर सांगतात — आधी धाराशिवला कचेरीत जायचं, तुझी सही लागती. कशावर? तर विहिरीच्या रानावर. गिरणीला पाणी लागणार. म्या म्हनलं, गिरणी कुठं हाय? म्हणाले, पाणी दाखवल्याबिगर गिरणी मंजूर हुत न्हाय. अन् तवर? तवर म्हणाले, विहिरीला काटेरी तार मारायची, दार बसवायचं, सभासदांनाच पाणी. सभासद कोण, तर ज्यांनी शेअर घेतलेत त्ये, म्हणजे जमीनवाले, ज्यांच्या घरी पाण्याला बैलगाडी हाय, टाकी हाय. शिवप्पा, पंचक्रोशीत एवढी एक विहीर आटली न्हाय. अख्ख्या माळावरच्या बाया येत्यात तिथं, मराठ्याच्या, धनगराच्या, बौद्धवाड्यातल्या, पहाटंपासनं घागरींची रांग. पुढं ड्रायवर, त्याच्या शेजारी हे, मागं मी अन् मंत्र्यासाठी घेतलेल्या गोळीच्या सोड्याच्या बाटल्या. बाटल्या खणखण वाजत हुत्या, तेवढंच काय ते बोलणं.

तुमी ऐकताय न्हवं? का डेल्कोला जोडलेली ती बारकी बत्ती पेटायची वाट बघताय? दोन्ही करा.

मग त्यो चढ आला, जिथं दुष्काळाचं काम चाललंय. दोन्ही बाजूंनी माणसं खडी फोडत बसलेली, डोळ्याला चिंध्या बांधून. आमची गाडी निम्म्या चढाला आली अन् असा आवाज काढला सायलेन्सरनं — बंदूकच! बाया टोपली टाकून खाली बसल्या, मुकादम खडीच्या गाडीखाली शिरला, त्याची टोपी भाईर, त्यो आत. दुसरा बार झाला, अन् गाडी बंद. रेडिएटरमधनं वाफ, इंजिनातनं जळका वास. चेअरमन उतरले. इस्त्रीची टोपी, अर्धी मिशी. चिंध्या वर करून सगळी बघायला लागली. कुणीतरी मागनं म्हनलं, "गिरणी सुरू झाली वाटतं, भोंगा वाजला." हसली की हो सगळी! अंगात रगत न्हाय, पोटात सुकडी, पर हसली.

रेडिएटरला पाणी पायजे. कुणाला मागायचं? जवळ बसली हुती भिमाबाई, बौद्धवाड्यातली. माझ्या विहिरीवर रोज येती, माझ्याच वयाची, तिच्यापाशी गाडगं हुतं ओल्या फडक्यानं झाकलेलं. चेअरमन म्हणाले, "ए, ते पाणी आण हिकडं, गाडीत वत." ती उठली न्हाय. हातातला हातोडा तसाच. म्हणाली, "पाणी सभासदांनाच हाय, आण्णासाहेब. तुमी आमच्या गाडग्याचे सभासद हाव का?" म्हणजे बघा, मला गाडीत बसल्यावर कळलं, अन् तिला आधीच ठाऊक! सगळ्या माळाला ठाऊक हुतं, फक्त ज्या बाईच्या नावावर विहीर हाय तिलाच न्हाय. मुकादम खडीच्या गाडीखालून आरडला, "बये, दे ते गाडगं!" ती म्हणाली, "माणसाला देते. यंत्राला न्हाय. चेअरमनला तहान लागली असंल तर बसावं हितं, वंजळ धरावी, मी वतते."

आता लागली हुती की तहान! घामानं सदरा पाठीला चिकटलेला. पर तिच्या हातचं पाणी, एवढ्या लोकांसमोर? गाडीला चाललं असतं, गाडीला जात न्हाय. ह्यांना कसं चालंल? भाषणात सगळे एक, भाषणात बंधुभगिनींनो. हुबे ऱ्हायले जीभ व्हटावरनं फिरवत. मग मीच उतरले. रेशमी लुगडं सावरून बसले खडीवर, वंजळ धरली, प्याले. लई गार हुतं. माझ्याच विहिरीचं पाणी, पर घरच्या तांब्यातलं कवा असं लागलं न्हाय. भिमाबाईनं गाडगं परत फडक्यानं झाकलं.

अन् चेअरमननी काय केलं? मंत्र्याच्या सोड्याच्या बाटल्या फोडल्या अन् रेडिएटरमध्ये वतल्या! असा फेस आला शिवप्पा, गाडीला तोंड असतं तर ढेकर दिली असती. पर लागली न्हाय. धक्का मारायला बाया लावल्या, तर भिमाबाई म्हणाली, "आधी चेअरमनला उतरवा, लई वजन हाय." कचेरीची वेळ टळली. सही ऱ्हायली. तिकडं मंत्री आले, पायाचा दगड बसवला अन् गेले. ह्यांच्यासाठी केलेला हार पंचाक्षरी वकिलाच्या गळ्यात. ऑस्टिन तिथंच, दुसऱ्या दिशी बैलांनी वढून आणली; आमी खडीच्या बैलगाडीत बसून घरी. मी म्होरं, गाडीवानाशेजारी, हे मागं. वेशीपासनं लोक बघत हुते.

घरी आल्यावर — न्हाय, ते ऱ्हावू द्या. बत्ती बघा तुमी. पेटली? अजून जरासं फिरवा डेल्कोच्या अंगाला, हां, आता. पेटताना धरायचं, पेटल्यावर न्हाय, बाबा म्हणायचे.

...घरी आल्यावर दोन दिस गेले. मग जेवताना, ताटावरनं मान वर न करता इचारलं, "तुला ठाऊक हुतं का, उलटं बसलंय ते?" खोटं बोलता आलं असतं. म्या म्हनलं, व्हय. "मग बोलली का न्हाईस?" म्या म्हनलं, बोलणार हुते, तोंड उघडलं तर तुमी म्हणालात, जा, भाकरी करपंल. खरंच म्हणाले हुते त्ये, संचालकांसमोर. मग ताट सरकवलं अन् म्हणाले, "तुझ्या बापानं तुला गाडी शिकवली, नांदायला शिकवलं न्हाय. पोर न्हाय, बाळ न्हाय, विहीर धरून बसलीस." काय न्हाय हो, असं बोलत्यात पुरुष. मला काय वाटलं न्हाय त्याचं. एवढी वर्सं झाली, काय वाटायचंय? मी ताट उचललं, राख टाकून घासलं. घासून घासून कल्हई गेली त्याची.

आज बार्शीला गेलेत. गाडी भंगारात द्यायची ठरवलीय, भंगारवाल्याला घेऊन येणार सांजच्याला, अन् संगं कचेरीतला कारकून, कागद घेऊन. आता म्हणे घरातच सही घ्यायची. म्हणून तुमाला सांगावा धाडला. मला गाडी दुपारच्या आत चालती पायजे. धाराशिवला जायचंय. कलेक्टर कचेरीत. विहीर गावच्या पाण्यासाठी लिहून द्यायची, सगळ्यांसाठी, सभासद अन् बिगरसभासद. माझं नाव हाय, माझी सही हाय, चेअरमनची लागत न्हाय, मी इचारून घेतलंय. भिमाबाई येणार हाय संगं, अन् आणखी दोघी-तिघी. एवढंच. तुमी बोल्ट आवळा.

हात का थांबला?

शिवप्पा, तुमाला इचारते. भ्या वाटतंय? चेअरमन वर्कशॉपचं लायसन बंद करतील? असंल. पंचाक्षरी वकिलाची जीप करताना न्हाय वाटलं? तिथं गडी माणूस हुता, हितं बाई हाय, म्हणून? — बरं, ते न्हाय तर काय? कुठं बघताय?

...मागच्या शिटावर. बघितलीत व्हय. ट्रंक हाय ती. काय न्हाय, जुनी लुगडी हायत, भिमाबाईला द्यायची — व्हय, अंथरूणबी हाय. अन् स्टो. आता भिमाबाईला स्टो कशाला, असंच म्हणताय न्हवं? हुशार हाव.

विहिरीवर बाबांची खोली हाय. पत्रे शाबूत हायत. तिथं ऱ्हायचं. रांगेतल्या बायांची भांडणं मोडायला कुणीतरी पायजेच की, घागरी फुटत्यात रोज. मी काय कायमची — मी काय पळून चालले न्हाय, माझ्याच रानात चाललेय. तुमाला सांगायचंबी न्हवतं. तुमी इचारलंबी न्हवतं. बघा कसं हुतंय, माणूस गप बसून काम करायला लागलं की समोरच्याचं तोंड सुटतंय. असं लुगड्याच्या पदरानं डोळे पुसले म्हणजे रडतेय असं न्हवं. रॉकेलाचा वास हाय हितं.

आवळा बोल्ट. घट्ट. हां.

बाबू, हँडल ठेव अन् जा गोठ्यात. तू काय ऐकलं न्हाईस. — शिवप्पा, मी आत बसते, बटण दाबते. सरा जरा.

…

ऐकलंत? एका दमात. उचकी न्हाय, खोकला न्हाय. किती दिसांनी अशी बोलतेय. चढाला खडखडली तर डेल्को केसभर मागं घ्यायचा, ठाऊक हाय. न्हाय, ड्रायवर नको. बाबांच्या रानात मी ही गाडी नांगरटीतनं चालवलीय, रस्ता तर सडक हाय. गियर? घासून पडतोय दुसरा, पर पडतोय.

त्या आल्या बघा, भिमाबाई अन् त्या दोघी. डोक्यावर घागरी कशाला आणल्यात? — काय म्हणती? रेडिएटरसाठी? आज देती म्हणे यंत्राला. ठेव गं मागं, ट्रंकेशेजारी. पुढं बस तू. पुढं म्हनलं न्हवं, माझ्याशेजारी.

शिवप्पा, तुमी मागल्या दारानं जावा. अन् कुणी इचारलं तर खुशाल सांगा, मी केली दुरुस्त. नका सांगू वाटलं तर नका सांगू, मला आता दोन्ही सारखंच. तिथं काय हुबे ऱ्हायलात? पुसा हात त्या चादरीला, ती आता कशालाच कामाची न्हाय. सरका. वाट सोडा म्हणते ना — सरका!